विमान डोक्यावरून गेलं म्हणून नौसैनिक खचतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१४ साली काळ्या समुद्रात एका रशियन विमानाने ‘डोनाल्ड कुक’ या अमेरिकी विनाशिकेभोवती घिरट्या घातल्या, तिची रडारं बंद पाडली आणि त्या धसक्याने तिच्यावरच्या २७ नौसैनिकांनी राजीनामे दिले, असं तुम्ही एका व्हिडिओत पाहिलं. हे खरं आहे का? आणि दोन वैरी देश समुद्रात असे दंड थोपटून उभे राहतात तेव्हा जहाजावरच्या माणसांचं मनोधैर्य खरोखर खचतं का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. विमान खरं, राजीनामे खोटे. दुसऱ्या भागाला वेळ लागेल, कारण तुम्ही बोट ठेवलंय तिथे मुळात दुखत नाही, दुखतं ते दुसरीकडे. माझी नौदलातली बहुतेक वर्षं जहाजाच्या ऑप्स रूममध्ये, म्हणजे रडारच्या पडद्यांसमोर गेली. पुढे ज्येष्ठ झाल्यावर तरुण पोरांच्या रजा, त्यांच्या घरच्या अडचणी, मेसमधली भांडणं हेच काम जास्त झालं. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी ती घटना. तारीख १२ एप्रिल २०१४. रशियाने क्रिमिया ताब्यात घेऊन महिनाही झाला नव्हता. जहाज काळ्या समुद्राच्या पश्चिम भागात, आंतरराष्ट्रीय हद्दीत होतं. एका सुखोई-२४ विमानाने सुमारे दीड तासात १२ फेऱ्या मारल्या, समुद्रापासून साधारण ५०० फूट उंचीवरून. विमानावर शस्त्रं दिसत नव्हती. जहाजाने रेडिओवर पुन्हा पुन्हा विचारणा केली, उत्तर आलं नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने याला चिथावणीखोर वर्तन म्हटलं आणि जहाज पुढे रुमानियातल्या कॉन्स्टान्टा बंदरात गेलं. विमानात ‘खिबिनी’ नावाची रडार आंधळं करणारी यंत्रणा होती, ही कहाणी मागाहून पसरली. गंमत म्हणजे ती यंत्रणा बनवणाऱ्या रशियन कंपनीनेच सांगितलं की सुखोई-२४ वर ती बसवलेलीच नसते.

राजीनाम्यांचं म्हणाल, तर ज्याने कुठल्याही देशाच्या नौदलात एक वर्ष काढलंय तो ही गोष्ट ऐकून हसेल. नौसैनिक ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेला असतो. कॅप्टनच्या हातात चिठ्ठी देऊन पुढच्या बंदरात सामान उचलून चालू लागायची सोय तिथे नसते. आणि हेच जहाज, ‘डोनाल्ड कुक’, एप्रिल २०१६ मध्ये बाल्टिक समुद्रात होतं तेव्हा पुन्हा सुखोई-२४ आली आणि यावेळी अमेरिकी नौदलाच्या म्हणण्याप्रमाणे ३० फुटांपर्यंत जवळ आली. त्या वेळी जहाजावरून काढलेले व्हिडिओ जगभर फिरले. मनोधैर्य खचलेली माणसं कॅमेरे काढत नाहीत.

आता खरा प्रश्न. शक्तिप्रदर्शनाचा रोख समोरच्या जहाजावरच्या पोरांवर असतो, असं आपण गृहीत धरतो. तसं नसतं. तो रोख समोरच्या राजधानीवर असतो, स्वतःच्या देशातल्या जनतेवर असतो, कुंपणावर बसलेल्या मित्रदेशांवर असतो. डेकवरचा पोरगा घाबरला की नाही याने त्या वैमानिकाच्या वरिष्ठांना काही फरक पडत नाही; दुसऱ्या दिवशीच्या बातमीने पडतो. म्हणून ‘खचले का’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं: शक्तिप्रदर्शनाच्या त्या दीड तासाने जवळजवळ कधीच नाही. त्या दीड तासासाठी जहाजाला जे महिनोन् महिने समुद्रात ठेवावं लागतं, त्याने पुष्कळदा.

अर्थात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. जहाज केवढं, पाणबुडी आहे की पृष्ठभागावरची नौका, निघून दुसरा आठवडा आहे की सातवा महिना, कॅप्टन बोलणारा आहे की दार लावून बसणारा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही देशांमध्ये खरंच युद्ध पेटायच्या बेतात आहे की नुसती गुरगुर चाललीय. मी सांगतोय ते गुरगुरीबद्दल. उद्या क्षेपणास्त्र येऊ शकतं अशा पाण्यात उभ्या असलेल्या जहाजाचं मन वेगळं चालतं.

असं विमान येतं तेव्हा जहाजावर नेमकं काय होतं ते सांगतो, कारण व्हिडिओत फक्त आकाश दिसतं. विनाशिकेवर तीनेकशे माणसं असतात. त्यातली विमान डोळ्यांनी पाहणारी म्हणजे ब्रिजवरची, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथली काही आणि वरच्या डेकवर लुकआउटला किंवा तोफेपाशी असलेली काही. बाकी सगळे पोलादाच्या आत. ऑप्स रूममध्ये दिवे मंद, पडद्यावर एक ठिपका, आणि हेडफोनवर त्याची दिशा, अंतर, उंची सांगणारा विशीतला पोरगा. अशा वेळी भीती हातापायांत दिसत नाही, बोलण्याच्या वेगात दिसते. रिपोर्ट एकमेकांवर चढायला लागतात, दिशेच्या आधी अंतर येतं, अंतर सांगून होण्याआधी उंची. मागे उभा असलेला जुना माणूस फक्त एवढंच म्हणतो, ‘परत दे. आधी दिशा.’ पोरगा परत देतो, क्रमाने देतो, आणि तेवढ्यात त्याचा श्वासही जागेवर येतो. वर्षभर केलेल्या सरावाचा उपयोग तो इथे होतो. घाबरलेल्या माणसाला धीर देण्यापेक्षा काम देणं केव्हाही जास्त लागू पडतं.

सगळ्यात अवघड जागा मात्र वेगळीच, इंजिन रूम. तिथे कानांवर संरक्षक लावलेले, यंत्रांचा गडगडाट, त्यामुळे स्पीकरवरचा पाइप, म्हणजे घोषणा, अर्धी ऐकू येते, अर्धी नाही. ॲक्शन स्टेशन्सचा, म्हणजे सगळ्यांनी लढाईच्या जागा घेण्याचा गजर झालाय एवढं कळतं. का झालाय, कोण आलंय, किती जवळ आहे, काही पत्ता नाही. पायाखाली जहाज एकदम वळायला लागलं की माणसाच्या मनात काय काय येतं ते विचारू नका. एका जहाजावर इंजिनकडच्या एका ज्येष्ठाने यावर फार साधा उपाय काढलेला मी पाहिला. नियंत्रण फलकाशेजारी एक पांढरा फळा टांगला होता. फोनवर वरून कळेल तसं तो मोठ्या अक्षरांत लिहायचा: ‘एक विमान. गेलं.’ मग पुसून, ‘परत येतंय. डावीकडून.’ एवढंच. त्या जहाजावर खालची माणसं वरच्यांइतकीच शांत असायची. दुसऱ्या जहाजांवर मी याच्या उलटही पाहिलंय: वरचे हसत उतरताहेत आणि खालचे घामाघूम, चिडलेले.

विमान गेल्यावर? जेवणाच्या रांगेत जो तो तळहात आडवा धरून विमान कसं कललं ते दाखवत असतो. संध्याकाळपर्यंत त्याची उंची निम्म्यावर आलेली असते. इंजिन रूमवाल्यांना आपण काहीच पाहिलं नाही याची चुटपुट लागते. खरं सांगायचं तर महिनाभर गंज खरवडणं, रंग लावणं आणि रिकामा समुद्र पाहणं यानंतर असा दिवस आला की मनोधैर्य वाढतं. आपण इथे कशाला आलोय, या प्रश्नाचं उत्तर डोक्यावरून गर्जत गेलेलं असतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून १९६२ मध्ये झालेल्या अमेरिका-सोव्हिएत पेचातली सोव्हिएत पाणबुडी ‘बी-५९’. २७ ऑक्टोबरला अमेरिकी जहाजांनी तिला घेरलं आणि तिने वर यावं म्हणून सरावाचे छोटे स्फोटक गोळे पाण्यात टाकले. अमेरिकेच्या दृष्टीने तो इशारा होता. त्याची पद्धत मॉस्कोला कळवलीही होती; पण ती पाणबुडीपर्यंत पोहोचलीच नव्हती. आत उष्णतेने माणसं कोसळत होती, हवा कोंदलेली, पिण्याचं पाणी मोजून, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि वर युद्ध सुरू झालंय की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. तिच्यावर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. त्याच पाणबुडीवर असलेल्या वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने कॅप्टनला शांत केलं आणि पाणबुडी वर आली, असं त्या दिवसाबद्दल नंतर सांगितलं गेलं. बारकाव्यांवर वाद आहेत. पण दडपण कशाचं होतं याबद्दल वाद नाही. ‘डोनाल्ड कुक’वरच्या माणसांना समोर काय चाललंय ते दिसत होतं, ऐकू येत होतं. ‘बी-५९’ वरच्यांना फक्त धमाके ऐकू येत होते. दोन्हीकडे शक्तिप्रदर्शनच, पण एकीकडे माहिती आणि दुसरीकडे अंधार.

आता मनोधैर्य खऱ्या अर्थाने कुठे मोडतं, त्याकडे येतो. नौदलांमधली गाजलेली बंडं काढून पाहा. १९०५ मध्ये ‘पोट्योमकिन’ या रशियन युद्धनौकेवर ठिणगी पडली ती अळ्या पडलेल्या मांसावरून. १९३१ मध्ये स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डनला ब्रिटिश खलाशांनी जहाजं समुद्रात न्यायला नकार दिला तो पगारकपातीमुळे; खालच्या श्रेणीतल्या अनेकांचा पगार एक चतुर्थांश कापला जाणार होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावरून सुरू झालेल्या उठावामागे स्वातंत्र्याची ओढ होतीच, पण सुरुवात निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यावरून झाली. यातल्या एकाही ठिकाणी समोर शत्रूचं जहाज दिसलं म्हणून माणसं उठली नाहीत.

तुम्ही म्हणाल, जर्मनीचं काय? तिथे १९१८ मध्ये खलाशी लढाईला जायलाच तयार नव्हते. बरोबर, आणि ते उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९१६ च्या जटलंडच्या, म्हणजे ब्रिटिश आणि जर्मन आरमारांच्या मोठ्या लढाईनंतर जर्मनीच्या मोठ्या युद्धनौका बहुतेक काळ बंदरातच उभ्या होत्या. नांगर टाकून बसलेलं आरमारही शक्तिप्रदर्शनच असतं. ते आहे एवढ्यानेच समोरच्याला स्वतःचं आरमार तिथे अडकवून ठेवावं लागतं. डावपेच म्हणून ठीक. पण आतल्या माणसाच्या वाट्याला काय आलं? रोज तीच कवायत, तीच घासपूस, हलक्या प्रतीचं जेवण आणि शेजारच्या मेसमध्ये अधिकाऱ्यांना मिळणारं चांगलं जेवण. ऑगस्ट १९१७ मध्ये पहिली गडबड झाली, सप्टेंबरमध्ये दोन खलाशांना गोळ्या घातल्या गेल्या. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, युद्ध हरल्यात जमा असताना, आरमाराला शेवटच्या झुंजीसाठी बाहेर काढायचा बेत कानावर आला तेव्हा ‘थ्युरिंगेन’ आणि ‘हेल्गोलान्ट’ या जहाजांवरच्या माणसांनी बंड केलं. त्यांच्यावर शस्त्रं रोखायला बोलावल्या त्या कोण? टॉर्पेडो बोटी आणि एक पाणबुडी. म्हणजे ज्या छोट्या बोटींवरची माणसं युद्धभर सतत बाहेर जाऊन मरत होती, त्या अजून हुकमात होत्या. आणि जी जहाजं सुरक्षित बसून होती, ती फुटली.

धोका माणसाला जेवढा पोखरत नाही तेवढं बिनकामाचं ताटकळणं पोखरतं. आजही हेच चालतं, फक्त बंदराच्या जागी खुला समुद्र आलाय.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे हललेली परतीची तारीख. नौसैनिक खडतर काम सोसतो, तारीख ठरलेली असेल तर. बंकच्या आतल्या बाजूला पेन्सिलने चौकटी आखून रोज एक खोडणारी पोरं प्रत्येक जहाजावर असतात. काळ्या समुद्राची इथे एक वेगळीच सोय आहे. १९३६ च्या माँत्रो कराराप्रमाणे त्या समुद्राला किनारा नसलेल्या देशाची युद्धनौका तिथे २१ दिवसांहून जास्त राहू शकत नाही. म्हणजे ‘डोनाल्ड कुक’वरच्या प्रत्येकाला माहीत होतं की विमानं येवोत नाहीतर न येवोत, तीन आठवड्यांच्या आत आपण बाहेर. शेवट माहीत असला की माणूस बरंच काही चेष्टेवारी नेतो.

याउलट ‘निमिट्झ’ ही विमानवाहू नौका घ्या. एप्रिल २०२० मध्ये ती घरून निघाली. कोरोनाचा काळ, म्हणजे बंदरात उतरून पाय मोकळे करायचीही जवळजवळ बंदी. ३१ डिसेंबरला संरक्षण खात्याने जाहीर केलं की ती आता घरी परतणार. जहाजावर पाचेक हजार माणसं, त्यांच्या घरी केवढी तयारी सुरू झाली असेल. आणि ३ जानेवारीला निर्णय फिरवला: इराणकडून धमक्या आल्यामुळे जहाज त्याच भागात थांबेल. शेवटी ते मार्च २०२१ मध्ये घरी पोहोचलं. इराणला इशारा देणं गरजेचं होतं की नव्हतं, हे मी ठरवणारा कोण. पण त्या तीन दिवसांतल्या उलटसुलट निर्णयाने मेस डेकवर जे झालं असेल ते बारा सोडा, शंभर विमानं डोक्यावरून गेली असती तरी झालं नसतं. ‘घरी नाही’ हे सोसतं. ‘घरी’ म्हणून मग ‘नाही’ म्हटलेलं सोसत नाही. मी हाताखालच्या पोरांना परतीची तारीख कधीच सांगत नसे, आदेश लेखी आल्याशिवाय. तरी बझ, म्हणजे कुजबूज, पसरायचाच. जहाजावर अफवेचा वेग जहाजाच्या वेगापेक्षा जास्त असतो.

दुसरी गोष्ट झोप. याबद्दल लोक फार कमी बोलतात, म्हणून मी जरा जास्त बोलतो. तणावाच्या पाण्यात जहाज डिफेन्स वॉचवर जातं: निम्मी माणसं कायम आपापल्या जागी. सहा तास कामावर, सहा तास सुट्टी. कागदावर हे बारा तासांचं काम दिसतं. पण सुट्टीच्या सहा तासांत जेवण, अंघोळ, यंत्रांची देखभाल, आणि मध्येच गजर. सलग चार तास झोप मिळाली तर नशीब. पहिला आठवडा उत्साहात जातो. तिसऱ्या आठवड्यात माणसं क्षुल्लक कारणावरून एकमेकांच्या अंगावर जातात. त्याच्याही पुढे गेल्यावर ती भांडतही नाहीत, गप्प होतात, आणि मला भीती वाटते ती त्या गप्पपणाची.

२०१७ साली अमेरिकेच्या सातव्या आरमाराच्या दोन विनाशिका दोन महिन्यांत व्यापारी जहाजांवर आदळल्या. जूनमध्ये जपानजवळ ‘फिट्झजेरल्ड’, ७ मृत्यू. ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’, १० मृत्यू. समोर कोणी शत्रू नव्हता. यातल्या ‘मॅकेन’ने टक्कर होण्याच्या ११ दिवस आधी दक्षिण चीन समुद्रात चीनच्या ताब्यातल्या मिसचीफ रीफ या प्रवाळखडकाजवळून जाऊन चीनला आपलं अस्तित्व दाखवलं होतं. त्या फेरीचा आणि टकरीचा थेट संबंध लावणं चुकीचं होईल. टकरीत सुकाणूच्या नियंत्रणाचा गोंधळ होता, प्रशिक्षण अपुरं होतं. पण त्या आरमारावर कामाचा बोजा वाढत गेला आणि माणसं थकलेली होती, हे नौदलाच्या स्वतःच्या चौकशीत आलं. त्यानंतर तिथे झोपेच्या वेळा शरीराच्या घड्याळाप्रमाणे ठरवणारी वॉचची पद्धत आणली गेली. हे आधीच करायला हवं होतं असं म्हणणारे जुने खलाशी प्रत्येक नौदलात सापडतील, मी त्यातलाच एक.

तिसरी गोष्ट निर्णयाचं ओझं, आणि हे मुख्यतः ऑप्स रूममधल्यांच्या वाट्याला येतं. १७ मे १९८७ रोजी इराणच्या आखातात ‘स्टार्क’ या अमेरिकी जहाजाने जवळ येणाऱ्या इराकी विमानावर गोळी झाडली नाही. विमानाने दोन क्षेपणास्त्रं सोडली, ३७ नौसैनिक मेले. पुढच्या वर्षी, ३ जुलै १९८८ रोजी, त्याच भागात ‘व्हिन्सेन्स’ने समोरून येणाऱ्या विमानाला लढाऊ समजून पाडलं. ते इराणचं प्रवासी विमान होतं, २९० माणसं गेली. संगणकाच्या नोंदीत विमान वर चढत होतं. खोलीतली माणसं ते खाली येतंय असं सांगत होती. ‘स्टार्क’चं काय झालं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्याच सकाळी जहाज इराणी बोटींशी झुंजत होतं. आमच्या कामातला प्रत्येक माणूस या दोन तारखांच्या मध्ये उभा असतो. बारा वेळा डोक्यावरून जाणारं विमान तेराव्या वेळी काही टाकणार नाही, हे कुणी सांगावं? शांत बसणं हेसुद्धा काम असतं, फार दमवणारं. ते बाहेरून भ्याडपणासारखं दिसतं आणि मग कुणीतरी त्याचा व्हिडिओ करतो की बघा, अमेरिकन गारठले.

इथवरचं एकत्र करायचं तर: विमान डोक्यावरून गेल्याने मन मोडत नाही. काय चाललंय ते न कळणं, परतीची तारीख हलणं, झोप न मिळणं आणि गोळी न झाडण्याचा ताण दिवसेंदिवस वाहणं, याने मोडतं.

आपणच शक्तिप्रदर्शन करायला निघालेलो असतो तेव्हाची कथा थोडी निराळी. अभिमान असतो, बंदरांत स्वागत होतं. अमेरिकेने डिसेंबर १९०७ मध्ये १६ युद्धनौका पांढऱ्या रंगात रंगवून जगप्रदक्षिणेला पाठवल्या, जपानसकट सगळ्यांनी पाहावं म्हणून. सुमारे १४,००० माणसं, फेब्रुवारी १९०९ मध्ये परत. छायाचित्रांत ती जहाजं हंसांसारखी दिसतात. पण ती कोळशावर चालत. प्रत्येक मोठ्या टप्प्यावर सगळं जहाज काळ्या धुळीने माखायचं, पोती उपसून माणसांची कंबर मोडायची, आणि मग तीच माणसं पांढरा रंग धुवायला बसायची. मेलबर्नला पोहोचल्यावर कित्येक खलाशी जहाजावर परतलेच नाहीत. शत्रूच्या भीतीने पळाले म्हणावं तर तिथे शत्रू नव्हताच. पाहुणचार झकास होता. नौसैनिक जहाज कधी सोडतो याबद्दल मला विचाराल तर हे उदाहरण त्या २७ राजीनाम्यांपेक्षा जास्त खरं आहे.

बाहेरून न दिसणारी आणखी एक बाब म्हणजे नियम. १९६७ मध्ये जपानच्या समुद्रात अमेरिकेची ‘वॉकर’ ही विनाशिका लागोपाठ दोन दिवस सोव्हिएत जहाजांना घासली गेली. अशा प्रकारांना दोन्ही नौदलं कंटाळली आणि १९७२ मध्ये समुद्रातले अपघाती प्रसंग टाळण्याचा करार झाला. समोरच्यावर तोफा रोखून हल्ल्याची नक्कल करायची नाही, ठरलेले संकेत वापरायचे, वगैरे. भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या १९९१ च्या करारात तर दोघांच्या युद्धनौकांनी आंतरराष्ट्रीय पाण्यात एकमेकींपासून तीन सागरी मैलांच्या आत यायचं नाही, असं स्पष्ट लिहिलंय. पश्चिम पॅसिफिकमधल्या नौदलांनी २०१४ मध्ये चीनमधल्या चिंगदाओला अशीच एक संहिता मान्य केली. नियम मोडले जातात, हे खरं. जून २०११ मध्ये एडनच्या आखातात पाकिस्तानची ‘बाबर’ आपल्या ‘गोदावरी’ला घासून गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये एक चिनी विनाशिका अमेरिकेच्या ‘डेकॅटर’समोर ४५ यार्डांपर्यंत आली. तरीही नियमांचा खालच्या माणसाला फार मोठा आधार असतो. समोरचा काय करू शकतो आणि काय केलं तर तो मर्यादा ओलांडतोय, हे ठाऊक असलं की रागाला चौकट मिळते. ‘त्याने नियम मोडला, नोंद करा, फोटो घ्या’ हे मुठी आवळून बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

कॅप्टनने काय करावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यावाचून उत्तर अपुरं राहील. मी पाहिलेले चांगले कॅप्टन अशा दिवशी स्पीकरवर स्वतः बोलायचे, आधी आणि नंतरही. भाषण नाही, नुसती माहिती: काय आलंय, आपण काय करतोय, काय करणार नाही. संध्याकाळी शक्य असेल तर क्लिअर लोअर डेक करून, म्हणजे खालची सगळी माणसं वर बोलावून, सगळ्यांना समोर उभं करायचे आणि चुकीच्या गोष्टीही सांगायचे. जेवण वेळेवर आणि गरम मिळतंय ना, हे स्वतः गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, जाऊन पाहायचे. रात्रीच्या वॉचवाल्यांना सकाळी कवायतीला उठवणाऱ्या अधिकाऱ्याला झापायचे. यातलं काहीच थोर नाही. हे सगळं करूनही कधीकधी जहाज मरगळतं, कारण वरून मुदतवाढ आली की कॅप्टनच्याही हातात काही राहत नाही. तेव्हा निदान तो खोटी आशा दाखवत नाही एवढं तरी पोरं लक्षात ठेवतात.

तेव्हा पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर विमान किती जवळून गेलं हे पाहण्यात वेळ घालवू नका. जहाज घरून निघून किती महिने झालेत, मधे कुठल्या बंदरात माणसांना उतरू दिलं का, आणि त्याची परतीची तारीख आतापर्यंत किती वेळा पुढे गेलीय, एवढं शोधा. मोठ्या युद्धनौकांच्या बाबतीत हे वर्तमानपत्रांत सहसा मिळतं. आणि कुणी राजीनाम्यांचा आकडा सांगितला, तर त्याला आधी विचारा की नौदलातला करार मध्येच सोडायचा अर्ज नेमका कुठे मिळतो. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना तो हवा होता.